एका गराफांवात तीन मळे

काजूची फेणी काढायच्या भट्टीवर माझी बत्तीस वर्षं गेली. त्यामुळे माझीच लेक सेजल मला चव म्हणजे काय ते समजावून सांगायला लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. ती मोपाच्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात सहा महिने उमेदवारी करत होती. तिथलं वाइनचं खातं तिच्या हाती द्यायचं की नाही, हे पुढच्या रविवारी ठरणार होतं. नाही दिलं तर ती पर्यटकांच्या बोटीवर नोकरीला जाणार होती, नऊ-नऊ महिने समुद्रात. मला ती बोट अजिबात नको होती. पण ते सांगायचं सोडून मी रोज तिच्याशी वाद घालत बसायचो.

त्या रविवारच्या परीक्षेसाठी तिने नाशिककडून तीन बाटल्या मागवल्या होत्या. ग्रेनाश नावाच्या द्राक्षाची तांबडी वाइन. द्राक्ष एक, मालक एक, करायची रीत एक. मळे मात्र तीन. एक वाळूचा, एक काळ्या मातीचा, एक खडकाळ. प्रत्येक बाटलीत एकाच मळ्याचा माल, दुसऱ्याचा थेंब नाही.

"मातीची चव वाइनीत उतरता, बाबा," ती म्हणाली.

"माती पायाक लागता, जिभेक नाय. चव भट्टीवाल्याच्या हाताक आसता," मी म्हटलं.

"गोकुळदासांचो हात जगात एकच," माझी बायको विनोदिनी आतून माझं नाव घेऊन म्हणाली. ते कौतुक नव्हतं.

परीक्षेला आठ दिवस असताना, शनिवारी, दोघी म्हापशाच्या बाजारात गेल्या. मी कोयती शोधायला खाटेखाली वाकलो, तर तिन्ही बाटल्या तिथे आडव्या पडलेल्या. एकीचं बूच ओलं झालं होतं. माझा जीव कळवळला. फेणीची बाटली आमच्यात कोणी आडवी टाकत नाही; एकाच मालकाचा माल असा बाटल्याबाटल्यांतून पडूही देत नाही. तो एकत्र करून गराफांवात भरायचा, म्हणजे फेणी मुरवायच्या काचेच्या मोठ्या बुधल्यात, आणि बूच घट्ट लावून द्यायचा. पोरीला मदत होईल म्हणून मी तेच केलं. बुचं कोयतीच्या टोकाने काढली. करायला गेलो गणपती नि झाला मारुती.

सेजलने गराफांव बघितला, रिकाम्या बाटल्या बघितल्या. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. तिने मग नाशिकला फोन लावला. त्या सालचा माल संपला होता.

"मग बोटीचोच अर्ज बरो," ती म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला.

मला फार वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढी नीटनेटकी चूक केली होती.

विनोदिनीने मात्र वेळ घालवला नाही. "तिचे तीन मळे बुडवल्यात. आता तुमचे तीन डोंगर काढून द्या तिका."

ह्या हंगामात माझ्याकडे काजूचे तीन डोंगर होते. एक ओहळाच्या बांधाला लागून, रेताड. दुसरा सड्यावरचा, नुसता कातळ. तिसरा शिरगावच्या बाजूला, लोखंडी तांबड्या मातीचा. बत्तीस वर्षं मी वेगवेगळ्या डोंगरांचे बोंडू, म्हणजे काजूची फळं, एकाच कोळंबीत, दगडी हौदात, टाकून तुडवत आलो होतो. ह्या वेळी प्रत्येकाचे बोंडू वेगळे तुडवले, मध्ये कोळंबी धुतली. रस तीन वेगळ्या पिंपांत आंबवला आणि एकाच भाणात, म्हणजे भट्टीच्या हंड्यात, पाळीपाळीने तीन हुर्राक काढले, फेणीच्या आधीची पहिली धार. मनात मी खूश होतो, की एकदाचं पोरीला कळेल, तिन्ही सारखेच लागतात.

शुक्रवारी विनोदिनीने तीन पेले माझ्यापुढे ठेवले. कुठला कुठल्या डोंगराचा, ते तिलाच माहीत. मी पहिल्याचा घोट घेतला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सड्यावरचो." सुका, ओठाला किंचित खारट. दुसरा पिकलेल्या फणसासारखा गोड वासाचा, तो बांधाकडचा. तिसऱ्याने जिभेच्या मागे लोखंडाची चव ठेवली. माझ्याच जिभेने माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. एवढी वर्षं जी चव मला ठाऊक होती, ती मी दर वर्षी स्वतःच्या पायांनी मिसळून टाकली होती. सेजल हसली नाही. तिने फक्त हुर्राकाच्या बाटल्यांवर डोंगरांची नावं लिहिली.

रविवारी मीच तिला गाडीने हॉटेलात नेलं आणि मागच्या खुर्चीवर बसलो. तिथले साहेब दत्तप्रसाद, कुडाळकडचे. सेजलने आधी गराफांवातली वाइन दिली आणि खरं ते सांगितलं.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण मळा कुठला, ते कळत नाही."

"तेच सांगायचं आहे," सेजल म्हणाली, आणि तिने तीन हुर्राक पुढे ठेवले.

त्यांनी तिन्ही चाखले. मग तिला पाठ फिरवायला लावून पेल्यांची अदलाबदल केली. तिने तिन्ही डोंगर बरोबर ओळखले. तरी साहेबांच्या कपाळावरची आठी जाईना.

"पण आम्हाला वाइन विकायची आहे, हुर्राक नाही."

"माणूस उतरतो मोपाच्या सड्यावर," ती म्हणाली. "त्याला आधी पायाखालची माती चाखवते. मग ग्रेनाशचा मळा त्याला समजवावा लागत नाही."

साहेब खिशातून पेन काढून समोरचा कागद वाचत बसले. ते बसणं मला सोसवेना. मी उभा राहिलो.

"साहेब, चूक माझी. बाटल्यो मी एकत्र ओतलंय. तिका बोटीर जावची पाळी हाडू नकात. माका ती हयसरच होयी."

दत्तप्रसादांनी कागद माझ्याकडे वळवला. तिच्या नेमणुकीवर सही आधीच झाली होती, तारीख तेवढी कोरी होती. "काका, मी तारीख आठवत होतो," ते म्हणाले.

मी गाडीची चावी शोधायच्या निमित्ताने खिसे चाचपू लागलो. सेजल माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, ह्याच माका घराकडे सांगला असतात," ती म्हणाली, "तर मी बोटीचा नावच काढूक नसता."