ताईच्या पेशी

बेकरीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. आधी त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या.

"सगळं काळं आहे," तो म्हणाला.

"एवढं दाबू नका, दार ढकलायचं नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाजूचं चाक जरासं फिरवलं.

मग दिसलं. फिकट गुलाबी चकत्याच चकत्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. कडेला गडद, मधे फिक्या. भट्टीत घालण्याआधी गोळ्याच्या पोटात अंगठा दाबावा, तशा. बेकरीवाला हललाच नाही. आपलंच रक्त आपण बघतो आहोत, हे त्याला अजून नीट उमगलं नव्हतं.

"ताई, बघ तरी. ट्रे भरून ठेवलाय कुणीतरी."

ताई भिंतीजवळच्या बाकावर त्याची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. "तुझं झालं की बघते. तू एकदा चिकटलास की सुटत नाहीस."

"आणि हा मधेच जांभळा मोठा कोण?"

"पांढरी पेशी. ती राखणदार. जांभळं दिसतंय ते तिचं केंद्रक, म्हणजे तिचा सगळा कारभार तिथून चालतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लाल पेशींना ते नसतं. प्राणवायू वाहून न्यायला जागा हवी, म्हणून त्या तयार होतानाच ते बाहेर टाकून देतात."

"म्हणजे डोकं काढून ठेवतात आणि ओझं वाहतात?"

"तसंच म्हणा."

"आमच्या घरात असे बरेच होऊन गेले," ताई बाकावरून म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. तरुण होत्या, आणि पेशींविषयी बोलायला लागल्या की त्यांचे हात खिशात राहत नसत. लाल पेशी चार महिन्यांच्या आत थकतात, मोडतात, त्यांच्या जागी नव्या येतात. ही ये-जा एक क्षणही थांबत नाही, आपण झोपलो तरी.

"नव्या येतात कुठून?"

"हाडाच्या आतल्या मगजातून, म्हणजे अस्थिमज्जेतून. तिथे मूळ पेशी असतात. मूळ पेशी दुभंगते, एकीच्या दोन होतात. त्यातली एक रक्ताची पेशी व्हायच्या वाटेला लागते. दुसरी मात्र मूळ पेशीच राहते, उद्यासाठी. म्हणून साठा संपत नाही."

बेकरीवाल्याने नळीवरून डोळा काढला. वर्षभराच्या औषधांनी त्याचा चेहरा सुजून उतरला होता, केस नव्याने, कुरळे उगवले होते. त्या चेहऱ्यावर आता पहिला पाव फुगताना बघणाऱ्या पोराचं हसू होतं.

"अहो, हे तर खमीर. रोजच्या पिठातला एक गोळा आम्ही बाजूला काढतो, दुसऱ्या दिवशीच्या पिठात घालतो. त्यातला पुन्हा एक काढतो. वडिलांनी धरलेला गोळा अजून चालू आहे आमच्याकडे. सगळं पीठ भाजून टाकलं की संपलं. गोळा राखला, की उद्याचा पाव आहे."

"तुमचा गोळा नासला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो आम्ही काढून टाकला, आणि ताईंकडून थोडा मागून आणला."

"कधी नव्हे ते हिने उसनं दिलं," तो म्हणाला. पुन्हा नळीला डोळा लावून त्याने विचारलं, "मग यातल्या हिच्या कोणत्या, माझ्या कोणत्या?"

"बघून नाही कळत. सारख्याच दिसतात."

"जन्मभर भांडून सारख्याच?"

डॉक्टरीणबाईंचे हात खिशात गेले. मागच्या तपासणीत बऱ्याचशा पेशी ताईच्या होत्या, पण थोड्या त्याच्या जुन्याही उरल्या होत्या. त्या वाढत गेल्या तर दुखणं परत फिरणार होतं. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला होता. या खेपेला जुनी एकही निघाली नाही, तर ताईच्या गोळ्याने पूर्ण घर धरलं असं म्हणता येणार होतं.

"आज संध्याकाळपर्यंत फोन येईल," त्या म्हणाल्या.

ताईने फाइलच्या दोऱ्याला आणखी एक गाठ मारली आणि उठली. "सरक. आता मला बघू दे." नळीशी वाकून तिने बराच वेळ बघितलं. "हे राखणदार नक्की करतात काय?"

"ओळख ठेवतात. आपला कोण, परका कोण. कुणाशी एकदा वैर धरलं की विसरत नाहीत. आपण विसरलो तरी."

"म्हणजे माझी भांडणं आता हा भांडणार?"

"तुमच्या पेशींची. हो."

"मेलो," बेकरीवाला म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं, "बेकरीत जाऊ का? आज?"

वर्षभर त्याला तिथे पाऊल टाकायची बंदी होती. पिठाच्या धुरळ्यात बुरशीचे कण असतात, त्याच्या अंगात ते सोसायचं बळ नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी फाइलचा दोरा सोडून कागद उलटले, ताईने मारलेली गाठ पुन्हा मारली.

"थोडा वेळ. मास्क लावून."

तो जिन्याने जवळजवळ धावतच उतरला. ताई मागून ओरडत होती, "अरे, ते रक्त माझं आहे, जरा जपून वापर."

*

बेकरी अरुंद गल्लीत, दोन दुकानांच्या मधे होती. समोर एकच दार आणि दाराबाहेर एक दगडी पायरी. ताई पायरीशी आली आणि नेहमीसारखी थांबली. कमरेचा रुमाल काढून तिने पायरी झटकली, वारा कुठून येतोय ते बघितलं आणि दाराकडे पाठ करून बसली.

लहानपणी वडिलांनी दोघांनाही पिठाला लावलं होतं. धाकट्याचे हात लगेच बसले. ताई मात्र चाळणी हातात घेतली की शिंकायला लागायची, डोळे सुजायचे, कोपरापर्यंत गांधी उठायच्या. वडील म्हणायचे, नाटकं. कामाची वेळ झाली की हिचं नाक जागं होतं. गिऱ्हाइकं तिला शिंकूबाई म्हणायला लागली. धाकटा तर चिमूटभर पीठ तळहातावर घ्यायचा, हळूच तिच्यामागे जायचा आणि फुंकर मारायचा. ती शिंकायला लागली की सगळं दुकान हसायचं. शेवटी तिचं बसणं बाहेर पायरीवर आलं. भाजलेल्या पावाने तिला काही होत नसे, बुडाला लागलेल्या कोरड्या पिठाने व्हायचं. म्हणून आतून पाव आला की ती तो उलटा करायची, बुडावर टिचक्या मारायची, रुमालाने पुसायची आणि मग खायची. पुढे ती मावशीकडे शिवणकाम शिकली आणि बेकरी धाकट्याची झाली. तिला ती हवी होती का, हे तिला कुणी विचारलं नाही. नाटक करणाऱ्याला काय विचारायचं?

दुखण्याचं कळलं तेव्हा सगळ्यांची तपासणी झाली आणि एकटी ताई जुळली. मगज द्यावा लागेल, असं दवाखान्यात सांगितल्यावर तिने एवढंच विचारलं होतं, "तिथे पीठ नाही ना? मग काढा हवा तेवढा." तेव्हाही तो पडल्या पडल्या म्हणाला होता, "साठी आली, नाटक काही सुटलं नाही तुझं."

आतून आता वहिनीचा आवाज येत होता. वर्षभर तिनेच भट्टी ओढली होती. "अहो, मास्क. नाकावर घ्या, हनुवटीला नाही लावत कुणी."

"वास तरी घेऊ दे गं. वर्षभर नुसतं फिनेल हुंगतोय."

"एकदाच घ्या."

ताईने मान वळवून बघितलं. त्याने मास्क खाली ओढला होता आणि परातीवर वाकून तो डोळे मिटून श्वास घेत होता, खोल, भुकेल्यासारखा. मग बाह्या सारल्या. पिठात मुठी रोवल्या, पाणी सोडलं, डब्यातला राखलेला गोळा तोडून मधे घातला. हातांना सगळं आठवत होतं. तो मळत होता आणि बडबडत होता.

"अगं, हे बघ, हे आत्ता दुभंगतंय. एकाचे दोन, दोनाचे चार. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं मला. तू नुसता पाव समजत होतीस. इथे आत गाव वसलंय सगळं."

"गाव वसू दे, मीठ घातलंत का?"

"घालतो. अगं, लाल पेशीला डोकंच नसतं."

"तरीच तुमचं रक्त चांगलं लाल दिसायचं."

पायरीवर ताई खुदकन हसली. खूप दिवसांनी या दारातून असा आवाज बाहेर येत होता. वहिनीने नवं पोतं फोडलं, ओट्यावर पीठ भुरभुरलं, आणि उन्हाच्या पट्ट्यात पांढरा धुरळा उठला.

मग आत कुणीतरी शिंकलं.

ताईचा हात सवयीने स्वतःच्या नाकाकडे गेला. पण ती शिंकलेली नव्हती.

पुन्हा एक शिंक. पुन्हा. मग लागोपाठ, श्वास घ्यायला उसंत नाही अशा.

"सर्दी झाली," वहिनी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. या वर्षात त्या घरात सर्दी हा शब्द हळू आवाजात बोलला जाई. "मी म्हटलं होतं मास्क काढू नका. ताप आहे का? इकडे या, कपाळ बघू. वन्सं, अहो वन्सं, बघा ना."

ताई उठली. रुमाल नाकाशी धरून तिने उंबरा ओलांडला. किती वर्षांनी, तिलाही सांगता आलं नसतं. वहिनी बाजूला झाली.

बेकरीवाला ओट्याला टेकून उभा होता. डोळे लाल, पाण्याने भरलेले. हात पिठाने बरबटलेले, म्हणून तो मनगटाच्या मागच्या बाजूने, खालून वर, नाक घासत होता. ताईने ते घासणं बघितलं आणि ती जागीच उभी राहिली. आरशाशिवाय ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अंग दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही."

"घसा?"

"नाही गं. खाज. हे इथे, टाळूला..."

"आणि कानाच्या आत. बोट पोचत नाही तिथे."

"हो."

"हात धू. कोपरापर्यंत."

त्याने हात धुतले. पीठ गेलं तसं खालचं दिसलं. मनगटापासून वर लाल गांधी उठल्या होत्या, नकाशावरच्या बेटांसारख्या. ताईने स्वतःची बाही वर सारली. आत येऊन दोन मिनिटं झाली नव्हती, पण तिच्याही हातावर बेटं उठायला लागली होती. दोन्ही हात ओट्यावर शेजारी शेजारी होते.

बेकरीवाला एकदा त्या हाताकडे, एकदा या हाताकडे बघत राहिला.

"सर्दी नाही ही," ताई हळूच म्हणाली. "राखणदार आहेत. ओळखलं त्यांनी."

वहिनीला काही कळलं नाही. "काय ओळखलं? कुणी? अहो, सांगा ना कुणीतरी."

दोघांनाही सांगता येईना. ताईला शिंक आली, तिच्यामागून त्याला, आणि मग दोघं ओट्याला धरून आलटून पालटून शिंकत सुटली. शिंकता शिंकता त्याला हसू फुटलं. डोळ्यांना धार लागली होती. ती कशाची, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

"ताई," श्वास मिळाल्यावर तो म्हणाला, "हे रोज असं व्हायचं तुला?"

"रोज."

"असंच?"

"तू फुंकर मारायचास तेव्हा जरा जास्त."

परातीत गोळा अर्धवट मळून पडला होता, त्यावर त्याच्या बोटांचे खळगे होते. त्याने हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "हा तूच संपव. माझ्यापेक्षा बरा मळतेस हल्ली. आणि त्यातला राखायचा विसरू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर बसतो."

पायरीवर ताईने रुमाल पुन्हा झटकला आणि भिंतीकडे सरकून जागा केली. तो बसला. गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दोघांचे लाल डोळे बघून विचारलं, सगळं बरं ना? ताई म्हणाली, बरं आहे.

वहिनीने भट्टीतून निघालेले पाव ताटलीत बाहेर आणून ठेवले. तेवढ्यात आत फोन वाजला. ती धावत गेली.

"हो, हो, मी त्यांची बायकोच बोलतेय," तिचं ऐकू आलं. मग ती ऐकत राहिली.

बेकरीवाला उठला नाही. त्याचा हात ताटलीकडे गेला होता.

"थांब," ताई म्हणाली.

तिने गरम पाव उचलून उलटा केला. बुडावर टिचक्या मारल्या, रुमालाने कडेकडेने पुसलं. वारा कुठून येतोय ते बघितलं, तोंड पलीकडे फिरवलं आणि त्याच्यापासून लांब, बुडावर एक फुंकर मारली. मग तो पाव भावाच्या हातात दिला.