कमरेची बाटली

बायको गेली आणि झऱ्याच्या पाण्याची तपासणी गवंड्याच्या गळ्यात पडली. काम सोपं वाटत होतं. औषध घातलेल्या बोटाएवढ्या बाटलीत पाणी भरायचं आणि दोन दिवस वाट बघायची. काळं पडलं तर पाणी पिण्याजोगं नाही. डोंगरावरच्या त्या वस्तीत तिने हे बारा वर्षं केलं. तिने हो म्हटल्याशिवाय शाळेचा नळ कोणी सोडत नसे.

वर दरड कोसळल्यापासून नळ बंद होता. गवंड्याने बाटली भरून खिडकीत ठेवली. दोन दिवसांनीही पाणी नितळच होतं.

"सोडू ना मग नळ?" शाळेच्या बाईंनी दारातूनच विचारलं.

"सोडा की."

आतून लेक म्हणाली, "बाबा, बाटली कुठे ठेवली होती?"

"खिडकीत. का, पाळण्यात ठेवायची होती?"

"आई थंडीत कमरेला बांधायची."

गवंड्याला आठवलं. फडक्यात गुंडाळलेली बाटली पोटाशी बांधून ती लाकडं फोडायची. तो चिडवायचा, "आमच्यावर कधी एवढी माया केली नाहीस."

"तुम्हाला नसली तरी चालते. हिला ऊब लागते. गारठ्यात जंतू वाढत नाहीत, मग ही खोटं बोलते."

त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं.

"बाई, नळ सोडू नका. दोन दिवस द्या."

"अहो, घरून पाणी वाहून पोरं कंटाळलीत. काय सांगू त्यांना?"

"सांगा, गवंड्याला अक्कल उशिरा आली."

त्याने नवी बाटली भरली आणि तिच्याच फडक्याने पोटाशी बांधली. दोन दिवस तो भिंतीवर अवघडून वाकत होता. "कितवा महिना?" कामावरच्या जोडीदाराने विचारलं. गवंडीही हसला. ती बारा हिवाळे अशीच वावरली होती, कधी कुरकुरली नाही.

तिसऱ्या दिवशी बाटली सोडली. पाणी काजळासारखं काळं.

बाईंनी ती पाहिली आणि नळाला कुलूप घातलं. गवंडी सिमेंट घेऊन झऱ्यावर गेला. दरडीच्या दगडांमागे झऱ्याचं पाणी साठवायच्या टाकीला भेग होती आणि वरच्या गोठ्याचं पाणी तिथून आत येत होतं. भेग बुजवायला, टाकी धुवायला आठवडा गेला.

पुढच्या सोमवारी त्याने पुन्हा बाटली बांधली. बुधवारी सोडली तेव्हा ती अंगासारखी कोमट होती आणि आतलं पाणी नितळ.

"आता खरं बोलतेय," तो लेकीला म्हणाला. "जा, बाईंना नळ सोडायला सांग."