मिरचीमावशीचा दगड

त्या दिवशी बाजार भरायच्या आधी भांडण भरलं.

मी दुकानाची फळी उघडून कंदिलाच्या काचा पुसत बसलो होतो. समोरून आवाज आला, "ऊठ."

मान वर करून पाहिलं, तर मिरचीमावशी. डोक्यावरचं पोतं अजून उतरवलेलं नाही, पायावर वाटेची धूळ, आणि समोर झाडाखाली तिच्याच दगडावर कांदेवाली मांडी घालून बसलेली.

"आलीस होय!" कांदेवाली म्हणाली. "लेक सुखरूप सुटली ना? काय झालं?"

"नात झाली. ऊठ."

"गोरी की सावळी?"

"तू आधी ऊठ, मग रंग सांगते."

कांदेवाली हसली, पण उठली नाही. एक चांगला कांदा उचलून तिनं त्याची साल काढली, दुसरा घेतला, त्याचीही काढली. माणूस नको तेव्हा कामाला लागला की मी ओळखतो, यानं मनाशी काहीतरी पक्कं केलेलं आहे.

आमच्या बाजाराची रीत सांगतो, म्हणजे या एका दगडासाठी एवढं रामायण का ते कळेल. माझ्या दुकानासमोर भाजीबाजाराची एकच लांब रांग. एका टोकाला ओढ्याच्या काठावरचं थोरलं झाड, दुसऱ्या टोकाला जनावरांचा कोंडवाडा. सावली काय ती झाडाखाली, आणि तीही एका माणसापुरती. बाकी सगळी रांग उन्हात. ज्याच्या त्याच्या जागेवर बसायला एकेक दगड. जो दगडावर बसतो त्याची जागा. सलग तीन बाजार दगड रिकामा राहिला की जागा गेली. म्हणून कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्नकार्य निघालं, की शेजारी त्याच्या दगडावर बसून जागा राखायचा. राखलेली जागा परत द्यायची, हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. श्वास घ्या असं कोण कुणाला सांगतं?

झाडाखालचा दगड मिरचीमावशीच्या सासूचा, नंतर तिचा. तिच्या शेजारी कांदेवाली. दोघी तरण्या असल्यापासून खांद्याला खांदा लावून बसलेल्या. फडकं सोडलं की एकीच्या डब्यातलं दुसरीच्या घासात. दुपारी मिरचीमावशी ओढ्यावर पाणी प्यायला जाताना नुसतं म्हणायची, "बघ गं जरा." की कांदेवाली तिच्या मिरच्या विकायची, तेही स्वतःच्या कांद्यापेक्षा जास्त तोंड चालवून. लेकीच्या बाळंतपणाला जाताना मावशी तेवढंच म्हणाली होती, "बघ गं जरा." मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पाच-सहा बाजार बुडले तिचे. आणि कांदेवालीनं बघितलं ते असं.

तेवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेला मुकादम आला. बाजाराच्या जागांचा निवाडा त्याच्याकडे. वडिलांकडून त्याला हे काम मिळालं, अक्कल तेवढी वाटेत सांडली.

"काय गोंधळ आहे?"

"माझ्या दगडावर ही बसलीय," मावशी म्हणाली. "राखायला दिला होता मी."

"तीन बाजारांच्या वर झाले, मी बसतेय," कांदेवाली शांतपणे म्हणाली. "रीत रीत असते. राखायला दिला होता म्हणते, तर कुणी ऐकलंय का विचारा."

मी दुकानातून ओरडलो, "मी ऐकलंय!"

"कंदीलवाले भाऊ, तुम्ही दुकानदार," मुकादम म्हणाला. "रांगेतला निवाडा रांगेतल्या दोघांच्या शब्दावर होतो. तुम्ही काचा पुसा."

मग तो रांगेकडे वळला. पालेभाजीवालीला विचारलं. ती कानाला हात लावून म्हणाली, "मला बाई हल्ली ऐकू कमी येतं." हीच बाई, पलीकडच्या गल्लीत कुणी कोथिंबीर महाग म्हटलं तर इथून शिवी देते. वांगीवाला म्हणाला, "मी त्या दिवशी आलोच नव्हतो."

"कुठल्या दिवशी?" मावशीनं विचारलं. "दिवस तर अजून कुणी सांगितलाच नाही."

वांगीवाला वांग्यांवर पाणी शिंपडायला लागला. लिंबूवाल्याला एकाएकी लिंबं रचायची आठवण झाली.

आता हे सगळे काही वाईट नव्हते. मावशीच्या मुलीच्या लग्नात यांनीच वाढायला कंबर कसली होती. मग आज जिभेला काय झालं? मी रांग नीट निरखली आणि उलगडा झाला. कांदेवाली झाडाखाली गेली, तेव्हा तिच्या रिकाम्या दगडावर पालेभाजीवाली आली होती, तिच्या दगडावर वांगीवाला, त्याच्या दगडावर लिंबूवाला. सगळी रांग एकेक दगड सावलीकडे सरकली होती. मावशीला तिची जागा द्यायची तर सगळ्यांनी एकेक दगड मागं जायचं. कांदेवालीनं एकटीनं खाल्लं नव्हतं, सगळ्यांना घास भरवून खाल्लं होतं. भरल्या तोंडानं साक्ष कोण देणार?

रिकामा राहिला होता तो एकच दगड, शेवटचा. कोंडवाड्याजवळचा, शेणात आणि उन्हात. मुकादमानं तिकडं बोट केलं.

मावशी कांदेवालीकडे वळली. हळू आवाजात म्हणाली, "तुला बसायचंच होतं, तर मला म्हणायचं होतंस. दुपारभर बसवलं असतं तुला माझ्या जागी."

तेव्हा मात्र कांदेवालीच्या हातातला कांदा थांबला. "दुपारभर! इतकी वर्षं बसले तुझ्या शेजारी. सावली तुझ्या पदरापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. तू कधी मान वळवून बघितलंस, शेजारणीच्या डोक्यावर काय तापतंय ते?"

मावशी पोतं घेऊन रांगेच्या शेवटाला गेली. जाताना रांगेतल्या एकानंही मान वर केली नाही.

दुपार झाली. कोंडवाड्याकडून वारा सुटला. मावशीनं नेहमीप्रमाणे सूप काढलं, त्यात वाळल्या मिरच्या ओतल्या आणि बिया-धूळ निघावी म्हणून पाखडायला घेतल्या. इतकी वर्षं ती हेच करत होती. झाडाखालून उडालेला खकाणा वाऱ्यानं सरळ ओढ्यात जायचा. आता तो सगळ्या रांगेवरून निघाला.

पहिला शिंकला लिंबूवाला. मग वांगीवाला. पालेभाजीवाली डोळे चोळायला गेली आणि हाताला लागलेलं डोळ्यांत घालून बसली. वांग्याचा भाव करणारं गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं. रांगभर खोकला असा पसरला, की कोंडवाड्यातली जनावरंसुद्धा माना वर करून माणसांकडे बघायला लागली.

मुकादम नाकाला रुमाल लावून धावला. "मावशी, अहो, जरा हळू!"

"हळूच पाखडतेय. सासू पाखडायची तशीच."

"न पाखडता विका!"

"मग धूळ तुम्ही घेणार का विकत?"

मुकादम शिट्टी फुंकायला गेला आणि शिट्टीतच खोकला. खोकून खोकून डोळ्याला पाणी आल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. मला म्हणाला, "माझ्या बापानं हिच्या सासूला झाडाखाली का बसवलं होतं, ते आज कळलं!" सगळ्या बाजाराला वाटत होतं तो मान आहे. मान कसला, वाऱ्याची सोय होती.

पुढच्या बाजारालाही तेच. रांगेत गिऱ्हाईक थांबेना. तिसऱ्या बाजारी पालेभाजीवाली स्वतःच मुकादमाकडे गेली. "मला आता आठवलं हो. तिनं जागा राखायलाच दिली होती. ऐकलं होतं मी."

"कान मोकळे झाले वाटतं?" मी विचारलं.

"नाक चोंदलं की कान मोकळे होतात," ती म्हणाली आणि पदरात शिंकली. वांगीवाल्यालाही आठवलं, की तो त्या दिवशी आला होता.

रांग एकेक दगड मागं सरकली. कांदेवाली उठली, कांदे गोळा केले, आपल्या जुन्या दगडावर बसली. "झालं ना तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली.

"माझ्या मनासारखं व्हायचं, तर पहिल्या दिवशीच झालं असतं," मावशी म्हणाली आणि झाडाखाली टेकली. "कुणाला शिंक यायच्या आधी."

जागा परत मिळाली. लोक म्हणाले, मिटलं एकदाचं. दुपारी सावली आली, नेहमीसारखी मावशीच्या पदरापर्यंत. मावशीनं सावलीकडे बघितलं, शेजारच्या तापलेल्या दगडाकडे बघितलं, आणि पोतं उलट्या बाजूला सारून स्वतः हातभर सरकून बसली. मोकळ्या झालेल्या तेवढ्या सावलीत कांदेवालीनं मांडी सरकवली. कांदेवालीनं डबा उघडला, फडकं पसरलं आणि निम्मं जेवण मधोमध ठेवलं.

मावशीनं ते उचललं नाही. ती उठली. ओढ्यावर पाणी प्यायला जायची तिची वेळ. कांदेवाली मान वर करून वाट बघत होती, त्या तीन शब्दांची.

मावशीनं पोत्याचं तोंड दोरीनं आवळलं आणि पोतं डोक्यावर घेतलं. मग खाली बसून दगड उपसला, लेकराला घ्यावं तसा कडेवर घेतला, आणि घोटभर पाण्यासाठी काठाची घसरण उतरायला लागली. पहिल्या दिवशी बाजार हसला. पुढच्या बाजारी थोडे हसले. आता कुणी हसत नाही. ती दगड घेऊन निघाली, की सगळी रांग आपापल्या मालाकडे बघते.