वीतभर खाली

आर्डिस टॉलफ्सनला परवाना लागला तो एकतिसाव्या खेपेला. एकतीस वर्षं ही बाई डोंगरी एडक्याच्या शिकारीच्या सोडतीत नाव घालत होती, आणि एकतीसपैकी तीस वेळा 'यंदा नाही' असं पत्र आलं होतं. आमच्या मोंटानात माणसं या परवान्यासाठी नाव घालत घालत म्हातारी होतात आणि तशीच मातीत जातात. एक हंगाम, एक एडका. जन्मात पुन्हा लागेल या आशेवर कुणी शहाणा राहत नाही.

दुसरी कुणी असती तर गावभर नाचली असती. आर्डिसने पत्र फ्रीजच्या दाराला चिकटवलं, चूल बंद केली आणि भावाला फोन लावला. तीस वर्षं शाळेची बस घाटातल्या बर्फातून नेणारी बाई ती, त्रेसष्टाव्या वर्षीही तिचा हात थरथरताना कुणी पाहिला नव्हता.

"गेलन, लागला."

"काय लागलं? कुठे?"

"परवाना लागला. एडक्याचा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कधी जाणार?"

"नोव्हेंबरात. तेव्हा एडके माजावर येतात, खालच्या कड्यांवर उतरतात. सप्टेंबरात शिखरावर चढायला माझे गुडघे तयार नाहीत. आणि तू येणार आहेस. मला शेजारी डोळे हवेत."

"ट्रकपर्यंत येईन."

हे 'ट्रकपर्यंत' आर्डिसला पाठ होतं. गेलन तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. एकोणीस वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर वर गेला होता. बापाला, सिगर्ड टॉलफ्सनलाही, परवाना एकदाच लागला होता. पाचशे यार्डांवर एडका उभा, म्हाताऱ्याने चाप ओढला, आणि नेमका गेलन खोकला. गोळी हुकली, दुसऱ्या दिवशी वादळाने खिंड बंद झाली, हंगाम संपला. सिगर्डने पुढची बावीस वर्षं ही गोष्ट प्रत्येक जेवणावळीत सांगितली. 'माझा एडका याने खोकून घालवला.' लोक हसायचे, गेलनही हसायचा. पण त्या दिवसापासून तो कुणीही बंदूक झाडताना शेजारी बसला नाही. चाळीस पावलं मागे, ट्रकला टेकून, तोंडात खोकल्याची गोळी.

आर्डिसला तो एडका हवा होता, यात शंका नाही. पण त्याहून जास्त तिला हा माणूस ट्रकपासून सोडवून वर न्यायचा होता.

आठवड्याने गेलन तिच्या शेडमध्ये आला तो काखेत कॉफीचा जुना डबा घेऊन. डब्यावर वडिलांच्या अक्षरातलं लेबल. आत त्यांची बंदुकीची दारू, महायुद्धानंतर सरकारने उरलीसुरली स्वस्तात विकून टाकली तेव्हा सिगर्डने घेऊन ठेवलेली, शेवटची. बरोबर रबरबँड लावलेली वडिलांची वही.

"मी वर येणार नाही," गेलन म्हणाला. "पण ही जाईल. याच दारूने बाबांचा एडका राहिला, याच दारूने तो पडू दे. मग माझ्या डोक्यावरचं ओझं जाईल."

त्याने डबा टेबलावर ठेवला तशी आर्डिस खेकसली, "उचल आधी! टेबलावर माझा डबा उघडा आहे. एका वेळी एकच डबा, हे तुला या वयात शिकवू?"

गेलनने निमूट डबा उचलला. या एका बाबतीत आमच्या खोऱ्यात कुणी वाद घालत नाही. काडतुसं सगळेच घरी भरतात. विकतची काडतुसं वापरणाऱ्याकडे लोक विकतचा केक लग्नात आणणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. पण दोन दारूंची सरमिसळ झाली की माणसाची बोटं जातात, कधी डोळेही.

आर्डिसने आपला डबा झाकून फळीवर ठेवला आणि मग वडिलांचा उघडला. नाक खुपसून वास घेतला. आंबूस वास नव्हता, तांबूस धूळ नव्हती. दाणे लांबट, शिसपेन्सिलीच्या शिशाचे तुकडे करावेत तसे.

"चांगली आहे अजून," ती म्हणाली. "पण माझीही आहे की."

तिची दारू नवी, बारीक दाण्याची. दोन्ही सावकाश जळणाऱ्या. काडतुसाच्या मोठ्या लांब पुंगळीला तशीच लागते. भसकन भडकणारी तिथे कामाची नाही. गोळी नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागून रेटत राहील अशी हवी.

"तुझी ती मिळमिळीत," गेलन म्हणाला. "जोर कुठे तिला?"

"बघू या की. ऑगस्टात दोन्ही झाडू. तुझी सरस ठरली तर तीच नेईन, शब्द देते. माझी सरस ठरली तर तू वर यायचंस."

"ट्रक..."

"ट्रकचं नाव काढू नकोस. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर."

बाई अशी. गेलनला हो म्हणावं लागलं, आणि खरं सांगायचं तर आपण हरणार असं त्याला वाटतच नव्हतं. बापाची दारू हरेल कशी?

जुलैभर आर्डिसने काडतुसं भरली. वहीतलं वडिलांचं माप एकदम उचललं नाही. म्हाताऱ्याची तराजू म्हाताऱ्याबरोबर गेली, आता आपल्या तराजूवर खालून सुरुवात करायची, प्रत्येक पुंगळीचं बूड तपासत हळूहळू वर चढायचं. कामाला घिसाडघाई चालत नाही.

ऑगस्टच्या दुपारी, अंगाची लाही होत असताना, तिच्या शेतामागच्या खडीच्या खाणीत दोघं गेले. पाचशे यार्डांवर फळी, फळीवर कागद, मधे काळं वर्तुळ. नळीसमोर वेग मोजणारी पेटी. दोन्ही दारूंसाठी बंदुकीवरची दुर्बीण वेगवेगळी लावून आर्डिसने ते आकडे खडूने टेबलावर लिहून ठेवले. मग तीन तीन गोळ्या. गेलन अर्थातच चाळीस पावलं मागे, ट्रकला टेकून, खोकल्याची गोळी चघळत.

फळीपाशी गेले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पंचवीस वर्षांचा पोरगा उगवला. वडिलांच्या दारूच्या तिन्ही गोळ्या वर्तुळाच्या मधोमध, तळहाताखाली झाकतील अशा. आर्डिसच्याही मधेच, पण जरा पसरलेल्या. आणि वेगात वडिलांची दारू चांगलीच पुढे.

"बघ! बघ म्हातारा!" गेलनने टोपी हवेत उडवली. "थडग्यातून हरवलं तुला!"

"उन्हाळ्यात म्हातारा पहिल्यापासून भारी होता," आर्डिस शांतपणे म्हणाली. "मी नोव्हेंबरात जाणार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या पुन्हा."

त्या संध्याकाळी तिने दोन्हीची काडतुसं वेगवेगळ्या बिस्किटांच्या डब्यांत घातली, नावं लिहिली आणि फ्रीझरच्या तळाशी, हरणाचं मटण आणि रानबोरांच्या पिशव्या यांच्याखाली, रात्रभर पुरली. गेलन दारात उभा राहून हसत होता.

"दारूला काय हुडहुडी भरते होय? स्वेटर विण तिच्यासाठी!"

"विणीन. तुझ्या मापाचा."

दुसऱ्या दिवशी तेच ऊन, तीच खाण, तीच फळी, कागद नवा. काडतुसं बर्फाच्या पेटीत. आर्डिस एक काढायची, नळीत सरकवायची, पाच मोजायच्या आत चाप दाबायची, म्हणजे तापलेल्या नळीत काडतूस ऊब धरणार नाही. मग नळी गार होईस्तोवर स्वस्थ बसायची. आधी आपल्या तीन, मग वडिलांच्या तीन, दुर्बीण कालच्याच खडूच्या आकड्यांवर.

वेग मोजणाऱ्या पेटीने आर्डिसला निकाल आधीच सांगितला होता. "चल," एवढंच ती म्हणाली.

फळीवर तिच्या तीन गोळ्या कालच्यापेक्षा बोटभर खाली होत्या. वडिलांच्या तीन वर्तुळात नव्हत्याच. त्या खाली, कोऱ्या कागदात, एकमेकींना चिकटून.

"तुझा नेम चुकला," गेलन म्हणाला.

"तीनदा? एकाच जागी? एवढा नेमका चुकायला तर जास्त अक्कल लागते." आर्डिसने वर्तुळाच्या मध्यावर अंगठा टेकवला, हात ताणला. करंगळी भोकांच्या दोन बोटं पुढे गेली. "वीतभर खाली. दोन बोटं कमी."

"वीतभर..." ती स्वतःशीच पुन्हा म्हणाली. मग तिने हात पुढे केला. "वही दे."

"माप तर तू घेतलंस."

"माप नको. नोव्हेंबरचं पान हवंय."

"ते नको, आर्डी." गेलनचा आवाजच बदलला. "त्यात काय लिहिलंय मला माहीत आहे."

"तू वाचलंयस?"

"बावीस वर्षं ऐकलंय. वाचायचं कशाला?"

तिने त्याच्या खिशातून वही काढून घेतली. रबरबँड तुटलं. पान सापडलं आणि ती मोठ्याने वाचू लागली. म्हाताऱ्याचं लिहिणं तुटक, पण नेकीचं. वहीत तो खोटं लिहीत नसे.

"'तेवीस नोव्हेंबर. उणे अकरा. थुंकी गोठते. पाचशे यार्ड. एडका आडवा, स्तब्ध. नेम छातीच्या मधोमध. गेलन खोकला. गोळी पोटाखाली, बर्फात, छातीच्या नेमापासून वीतभर खाली. एडका मग पळाला.'"

गेलन जमिनीकडे बघत होता.

"ऐकलंस का तू? 'मग पळाला.' गोळी पडल्यावर पळाला. तुझ्या खोकल्याने तो हललासुद्धा नव्हता. आणि बाबा दचकले असते तर गोळी कुठेही गेली असती, डावीकडे, उजवीकडे, आभाळात. सरळ खाली वीतभर? अरे, खोकला काय गोळीला शेपटीला धरून खाली ओढतो?"

तिने पानं मागे उलटली. "आणि हे बघ. दुर्बीण कधी लावली होती? 'नऊ जुलै. कडक ऊन. शर्ट काढून झाडल्या.' जुलैत लावली आणि नोव्हेंबरात तशीच नेली. थंडीत ही दारू आळसते, गेलन. गोळी हळू निघते आणि खाली पडते. त्यांनी नेम बरोबर धरला होता आणि गोळी बरोबर तिथेच गेली जिथे ती जाणार होती. आणि कडाक्याच्या थंडीत हवाही उन्हाळ्यापेक्षा जड असते. ती बाकीची दोन बोटं तिची."

गेलन खडीवरच बसला. मोठा माणूस तो, सहासष्ट वर्षांचा, दाढी पांढरी. त्याने फळीवरच्या भोकांकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

"सत्तेचाळीस वर्षं, आर्डी."

"माहीत आहे."

"त्यांच्या मयतीच्या दिवशीसुद्धा पाद्रीबाबाने ती गोष्ट सांगितली. सगळं चर्च हसलं. मी पण हसलो." तो एकदम उसळला. "त्यांना कळलं नसेल?"

आर्डिसने खोटं समाधान केलं नाही. "दारूचं नसेल कळलं. त्या काळी उन्हाळ्यात दुर्बीण लावून सगळेच असे जात. पण वीतभर सरळ खाली, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. बसून विचार केला असता तर कळलं असतं. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण म्हणून तू आयता शेजारी होतास."

मला विचाराल तर तिने बापाला फार सौम्य शिक्षा दिली. मी असतो तर वही चुलीत घातली असती.

घरी आल्यावर तिने वडिलांच्या डब्यावरच्या लेबलाखाली पेन्सिलने लिहिलं, 'फक्त उन्हाळा'. दारूचा काय दोष? डबा तिने फळीवर नीट परत ठेवला.

नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेला, फटफटल्यावर तासाभराने, दोघं कड्यावर पालथे पडले होते. ट्रक खाली कुठेतरी मक्याच्या दाण्याएवढा. थंडी अशी की पापण्या चिकटत होत्या. समोर दरीपलीकडे एडका आला, शिंगं पूर्ण वळलेली, गळा जाड, एकटाच. गेलनने अंतर मोजून तिच्या कानात सांगितलं. पाचशेला थोडं कमी. आर्डिसने थंडीचा हिशेब धरून दुर्बिणीची चकती फिरवली, गाल दस्त्याला टेकवला.

आणि गेलनच्या घशात खवखव सुरू झाली. थंड हवेने होतेच. त्याने हातमोजा तोंडात कोंबला. चेहरा लाल झाला, मग जांभळा, खांदे हादरू लागले, डोळ्यांतून पाणी.

आर्डिसने दुर्बिणीवरून डोळा हलवला नाही.

"खोक," ती म्हणाली.

त्याने जोरजोराने मान हलवली.

"खोक म्हणते ना, गाढवा! गुदमरून मरशील, आणि एडका सोडून तुला खाली न्यावं लागेल मला."

गेलनने हातमोजा काढला आणि खोकला. साधासुधा नव्हे. सत्तेचाळीस वर्षांचा साठलेला, छाती फाडून, दरी दणाणून सोडणारा. पलीकडे एडक्याने मान वर केली आणि आवाज कुठून आला ते बघत स्तब्ध उभा राहिला, आडवा, छाती समोर. आर्डिसने अर्धा श्वास सोडला आणि चाप दाबला.

आवाज दरीतून परत आला तेव्हा एडका गुडघ्यांवर आला होता. मग तो कुशीवर कलला आणि हलला नाही. गेलन आपली दुर्बीण डोळ्यांना घट्ट लावून बघत होता.

"कुठे लागली?" आर्डिसने विचारलं.

"छातीच्या मधोमध," तो म्हणाला. "मधोमध, आर्डी." आणि पुन्हा खोकू लागला, आता हसत, रडत, बर्फात मुठी आपटत.

आर्डिसने रिकामी पुंगळी काढून खिशात टाकली आणि गुडघे चोळत उठून बसली.

"झालं का खोकून?"

"नाही अजून," गेलन म्हणाला.

"असू दे. मला घाई नाही," ती म्हणाली आणि थर्मासमधली कॉफी दोन पेल्यांत ओतू लागली.