वरच्या ओळीतली चांदणी

ती कान तपासायची. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, भिंतींना जाड स्पंज लावलेली एक खोली होती. तिथे पेशंटला पाठमोरं बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, बारीकसा आवाज आला तरी दाबा. अठरा वर्षं तिने हेच केलं. आता अशा खोलीत फोन वाजला तर काय होणार? पेशंट इमानेइतबारे बटण दाबणार आणि सगळी तपासणी पाण्यात.

आणि तिचा फोन म्हणजे अखंड कावकाव. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची टाकी, मावशीची सकाळी सहापासून गुलाबाची फुलं, नणंदेचे तेच ते शिळे जोक. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तोंडावर सांगितलं. नवऱ्यानेही जेवताना ऐकवलं, बाई गं, या टिंगटिंगीने डोकं उठतं. मग एका रविवारी ती चष्मा लावून बसलीच. ग्रुप एकेक करून गप्प केले. कामाच्या वेळात फोनने तोंडच उघडायचं नाही, अशी व्यवस्था लावली. राहिला धाकटा भाऊ.

त्याच्यात तिचा जीव अडकलेला. चार वर्षांपूर्वी मेंदूज्वरातून तो उठला तो दोन्ही कान घालवून. त्याची तपासणी तिनेच केली होती, याच खोलीत. आलेखाची रेघ कागदाच्या तळाशी गेली तेव्हा, मशीन बिघडलंय असं त्याला चिठ्ठीवर लिहून देऊन ती बाहेर जाऊन ढसाढसा रडली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं मेसेजवर. त्याआधीची गोष्ट वेगळी. कॉलेजात असताना तो स्टॉपवर उतरला की तिला रिंग द्यायचा आणि ती कापायची. कापला म्हणजे ताईने पाहिलं, ताई घ्यायला निघाली.

तो एकटा राहायचा, तिच्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, आणि पुस्तकांची बांधणी करायचा. गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा तिने त्याच्याकडून वचन घेतलं होतं की जरा काही वाटलं तर लगेच मेसेज टाकायचा. मिनिटात बघेन, असं स्वतःचंही वचन दिलं होतं.

म्हणून रविवारी त्याच्या नावापुढे चांदणी टाकली. स्क्रीनवर दोन ओळी होत्या, वर 'कॉल', खाली 'मेसेज'. वरच्या ओळीत तिने फक्त चांदणीवाला माणूस येऊ दिला. खालच्या ओळीत आपोआपच 'कोणीही नाही' असं आलेलं होतं, तिथवर तिची नजर पोचलीच नाही. दिवसभर बहिऱ्या माणसांत वावरणारी बाई, आणि बहिऱ्या भावासाठी घंटा बसवते ती कॉलला! काय म्हणावं या अकलेला? तिला मात्र मोठा गड सर केल्यासारखं वाटलं. नवऱ्याला दाखवलं, तोही म्हणाला, छान केलंस.

दुसऱ्याच दिवशी, साडेदहाच्या सुमाराला, ती एका निवृत्त ड्रायव्हरचा डावा कान तपासत होती. फोन खणाणला. ड्रायव्हरने बटण दाबलं. फोनवर भावाचं नाव बघून ती चरफडली. मुद्दाम हा कशाला फोन करेल? काम करताना टेबलावर वाकला की खिशातल्या खिशात फोन लागायचा, तीनदा तसं झालेलं होतं. खरंच काही असतं तर मेसेज आला असता, आणि मेसेज आला असता तर वाजला असता. कालच तर सगळं नीट लावलं होतं. तिने फोन कापला, पेशंटची माफी मागितली आणि डावा कान पहिल्यापासून घेतला.

एक वाजता डबा उघडताना तिने फोन हातात घेतला.

ताई, छातीत जड वाटतंय. कामात असशील.

डावा हात दुखतोय. सवड झाली की बघ.

ताई?

मग तो कापलेला कॉल. आणि त्याखाली:

कापलास. म्हणजे पाहिलंस. निघालीस ना? दार उघडं ठेवलंय.

शेवटचा मेसेज दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांचा: गडबड करू नकोस. रस्ता नीट बघून ये.

डबा तसाच टाकून ती पळत सुटली. दार उघडंच होतं. दाराकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत तो बसला होता, बाहेर जायचा शर्ट, पायांत बूट. पायाशी शेजारच्या काकू बसून होत्या. डॉक्टर येऊन, बघून गेले होते. काकूंनी सांगितलं ते एवढंच, की अकराला त्या डोकावल्या होत्या, रिक्षा आणते म्हणून मागे लागल्या होत्या, पण तो ऐकेना. ताई निघालीय, तिच्याबरोबर जातो, असं म्हणून त्याने त्यांना स्वयंपाकाला परत पाठवलं. बाराला आल्या तर हे असं, सगळं संपलेलं. त्याच्या फोनला कुलूप, ताईचा नंबर कोणाकडे नाही.

मग न राहवून काकूंनी विचारलं, "दहा मिनिटांचा रस्ता तो. तुम्ही अडकलात तरी कुठे?"

"मी निघालेच नव्हते हो," ती म्हणाली.

काकूंना काही उमगलं नाही. ती खाली बसली आणि त्याचे बूट काढायला लागली. नाडीला त्याने दुहेरी गाठ मारली होती, ती तिला सुटेना.