कोरा फ्लॅश

आंधळगावात गोपीचंदच्या स्टुडिओचा काय तो तोरा! तो कॅमेरा गळ्यात घालून मांडवात शिरला की नवरदेवसुद्धा पोट आत घ्यायचा. पण रोलमध्ये फोटो छत्तीस आणि मांडवात हौशी पाहुणे तीनशे. म्हणून त्यानं कोरा फ्लॅश धरला. पाहुणे ओळीनं उभे राहिले, की कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच नाही, नुसता फ्लॅश उडवायचा. पाहुणे खूश, रोल शाबूत. धंद्यातले बरेच जण हे करत, पण गोपीचंदइतक्या गंभीर चेहऱ्यानं कोणी नाही.

सगळ्यात जास्त कोरे फ्लॅश त्यानं आपल्या आईवर, कुंताबाईवर उडवले. दर लग्नात ती पदर सावरून पुढे यायची. "माहा एक काढ ना रे!" की उडव फ्लॅश. घरच्या माणसावर कोण रोल घालवतो?

"माहा फोटो कुठं हाय?"

"भंडाऱ्याले धुवाले गेला हाय, माय."

बिचारीला वाटायचं, भंडाऱ्यात आपल्या फोटोंचा ढीग पडलाय.

मग डिजिटल आलं. फोटो काढला की लोक लगेच मागच्या काचेत बघू लागले. तिथे कोरा फ्लॅश कसा चालणार? गोपीचंदनं नाक मुरडलं. "तो का फोटो हाय? बटन दाबलं का मिटून जाते. अस्सल म्हंजे फिल्म!" जन्मभर न काढलेल्या फोटोंवर जगलेला माणूस अस्सलपणावर बोलू लागला. ऐकून डोकं फिरायचं.

कुंताबाई खाटेला खिळली. म्हणाली, "मी मेल्यावर हार कायले घालशीन? आता तरी काढ." शेजारचा ईश्वर आपला डिजिटल कॅमेरा घेऊन आला, तर गोपीचंद त्याच्यावरच उखडला. "माह्या मायचा फोटो फिल्मवरच निघन!"

रोल संपले होते. भंडाऱ्याचा दुकानदार म्हणाला, "कंपनीनं बनवनंच बंद केलं, भाऊ."

"एवढी मोठी कंपनी बंद कायची होते? येईन माल."

गोपीचंद वाट पाहत बसला. माल आला नाही आणि कुंताबाई गेली.

तेरवीसाठी तिच्या मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून आणावा लागला. वाढवता वाढवता नाकडोळे एकमेकांत मिसळले. तोच आता हार घालून स्टुडिओत टांगलाय. गावातल्या निम्म्या मेलेल्यांचे फोटो गोपीचंदनं काढलेले, आणि त्याची आई अशी.

परवा गल्लीतली बेबीबाई स्टुडिओत आली, फोटोकडे बघतच राहिली. "काहून गोपीचंदभाऊ, हा तुमी काढला का?"

गोपीचंदनं मान खाली घातली.

"नाही," तो म्हणाला. "सरकारनं."