तेलाची परतीची वाट

धाकटीच्या मोटरसायकलखाली पत्र्याचा ट्रे होता, ट्रेमध्ये तेल होतं, आणि त्या तेलाबद्दल गॅरेजमधल्या प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. वेल्डर म्हणायचा, मोटरसायकलला टर्बो बसवणं हाच मुळात आगाऊपणा. दादा म्हणायचा, टर्बोचं सील गेलंय. बाबा काहीच म्हणायचे नाहीत. गुडघ्यांमुळे आता ते खुर्चीतच असायचे, आणि खुर्चीतून नुसते ट्रेकडे बघायचे. ते बघणं धाकटीला सगळ्यांत जास्त झोंबायचं. आमच्याकडून गाडी कधी टिपकत बाहेर जात नाही, या बाबांच्या एका वाक्यावर हे गॅरेज उभं राहिलं होतं. आता घरच्याच पोरीची गाडी भर दुकानात टिपकत होती.

टर्बो तिने स्वतः बसवला होता. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं एक छोटं चाक, आणि त्या जोरावर इंजिनात कोंबलेली जास्तीची हवा, एवढीच खरं तर भानगड. पण ते चाक भन्नाट वेगाने फिरतं, त्याच्या दांड्याला सतत तेल लागतं, आणि तेच तेल सुटत होतं. गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून निळा धूर, आणि दुकानभर जळक्या तेलाचा वास. सील गेलं म्हणून तिने दुसरा, कोरा करकरीत टर्बो आणून बसवला. तोही थोड्याच दिवसांत तसाच गळायला लागला.

शेवटी दादाने निकाल दिला. निकाल द्यायचा असला की तो आधी हात स्वच्छ पुसून घेतो, त्यामुळे तो फडकं शोधायला लागला तेव्हाच तिला कळलं.

"आज दुपारपर्यंत बघ," तो म्हणाला. "नाही सापडलं तर टर्बो उतरवायचा आणि गाडी होती तशी करायची. आणि मग तू पुढे काउंटरवर बस. फोन घे, गिऱ्हाइकांशी बोल. तुला बोलता छान येतं."

"आणि माझं कामाचं बेंच?"

"बेंचवर दुसरा माणूस घेऊ."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काउंटर म्हणजे पुढची काचेची खोली, तिथला फोन, तिथली प्लास्टिकची फुलं. एकदा तिथे बसवलेलं माणूस पुन्हा आत येत नाही, हे तिने आत्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. आत्या एके काळी कार्बुरेटर असा लावायची की लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे. मग तिला "जरा पुढे बस" म्हणाले, आणि ते जरा काही संपलं नाही. आता आत्याच्या हाताबद्दल सांगितलं तर माणसं हसतात.

"काउंटरवर तू बस," ती म्हणाली. "मी कामात आहे."

तिने इंजिन रॉकेलने धुतलं, हवा मारून कोरडं केलं, आणि घरून आणलेला पावडरचा डबा उघडून टर्बोच्या आजूबाजूचे सगळे जॉइंट पांढरेफेक केले. कोरड्या पावडरीवर तेलाचा थेंब लपत नाही.

"गाडीला नटवून कुणाच्या लग्नाला नेतेस?" वेल्डरने विचारलं.

"तुझ्या. तुला तर कुणी नेणार नाही."

वेल्डर हसला आणि गप्प कामाला लागला. धाकटीने गाडी सुरू केली आणि टॉर्च घेऊन खाली बसली. तेल आत आणणारी बारीक नळी कोरडी होती. तेल परत इंजिनात नेणारी अंगठ्याएवढी जाड नळी, तिचा वरचा जॉइंट, खालचा जॉइंट, सगळं पांढरं स्वच्छ. तेल येत होतं ते टर्बोच्या तोंडातून, हवेच्या पाइपाजवळून. म्हणजे दांड्यावरूनच.

"सील," दादा मागून म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"दोन टर्बोंचं? एकापाठोपाठ एक?"

"नशीब एकेकाचं."

नशिबावर गाडी सोडायला ती तयार नव्हती. तेल आत येतं ते दाबाने, परत जातं ते नुसतं स्वतःच्या वजनाने. परतीची वाट अडली तर ते आतच तुंबणार आणि दांड्यावरून मिळेल त्या फटीने बाहेर पडणार. मग कसलंही सील असो, ते हात टेकणारच. तिने परतीच्या नळीचं खालचं टोक सोडवलं, डब्यात धरलं आणि गाडी चालू केली. डब्यात चांगली जाड धार पडायला हवी होती. पडत होते ते थेंब.

तिने गाडी बंद केली, थोडी गार होऊ दिली आणि नळीचा वरचा जॉइंट खोलला. तिथे तिने नुसतं कागदी गॅस्केट बसवलं होतं, कोरडं. आता त्या गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना, फटी बुजवायला लावतात त्या राखाडी पेस्टचा जाड थर होता. बोल्ट आवळल्यावर ती पेस्ट आत सरकली होती आणि भोकावर जिभेसारखी लोंबत होती. काडेपेटीची काडी जेमतेम जाईल एवढी फट उरली होती. कडेला सुकलेल्या पेस्टमध्ये अंगठ्याचा रुंद ठसा स्पष्ट दिसत होता.

त्या गॅरेजमध्ये राखाडी पेस्ट एकच माणूस वापरतो, आणि तो ती अंगठ्यानेच लावतो. ती घरी जेवायला गेली की बाबा खुर्चीतून उठून जॉइंट खोलत असणार. पहिल्या टर्बोला उठले, दुसऱ्यालाही उठले. तिला आधी वाईट वाटलं, मग इतका राग आला की हातातला पाना तिला खाली ठेवावा लागला.

दादानेही ठसा पाहिला. तो लगेच जवळ आला आणि आवाज खाली आणून बोलायला लागला. "हे बघ, सापडलं ना? झालं तर मग. टर्बो राहू दे, तुझं बेंच पण राहू दे. फक्त कुणी विचारलं तर सांग, पेस्ट तूच लावली होतीस. या वयात त्यांना कशाला?"

"माझं बेंच मला माझ्या चुकीवर मिळणार? न केलेल्या?"

"एवढ्याने काय जातं तुझं?"

"सगळंच जातं," ती म्हणाली. तिने गॅस्केट उचललं, दुकानाच्या मधोमध चालत गेली आणि बाबांच्या समोर धरलं. वेल्डरने डोळ्यांवरची काच वर केली. बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकंही बघायला लागली.

"बाबा, ही पेस्ट तुमची."

बाबांनी गॅस्केट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "कोरडं बसवलं होतंस तू. टिपकलं असतं. म्हणून हात फिरवला. या जॉइंटमधून थेंब आला का सांग."

"नाही आला. पण तेलाची परतीची वाटही बंद झाली, म्हणून सगळं तेल टर्बोने ओकलं. दोन टर्बो. आणि दोन्ही वेळा बोलणी मी खाल्ली."

बाबांचा चेहरा लाल झाला. "एवढ्या माणसांत सांगायची काय गरज होती? आधी माझ्या कानावर घालायचंस."

"पेस्ट लावलीत ते तुम्ही माझ्या कानावर घातलंत?"

ती जागची हलली नाही. बाबांनी मान रस्त्याकडे वळवली.

धाकटी परत गाडीपाशी आली. तिने भोक खरवडून साफ केलं, टर्बोत साचलेलं तेल काढलं, नवं गॅस्केट कापून कोरडंच बसवलं. गाडी चालू केल्यावर सायलेन्सरमध्ये साठलेलं तेल जळेपर्यंत निळा धूर येत राहिला. मग विरळ झाला. मग थांबला. काचेच्या खोलीत फोन वाजायला लागला, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"दादा, फोन," ती डोकं न उचलता म्हणाली. दादा थोडा घुटमळला आणि फोन घ्यायला गेला.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. हळूहळू चालत आले, तिच्या शेजारी वाकले आणि पांढऱ्या पावडरीकडे निरखून बघू लागले. तिथे थेंब नव्हता. सवयीने त्यांनी पाना उचलला, बोल्टवर ठेवला, आणि हात तिथेच थांबवला.

"जरा आवळू का?" त्यांनी विचारलं. दुकानात त्यांना असं काही विचारताना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"नको," धाकटी म्हणाली.

बाबांनी पाना तिच्या हातात दिला.